शिवगंगेच्या वाटेवर काय चालू राहिलं होतं

थांबा, हे आत्ताच सांगायला हवं. अजून अर्ध्या तासाने मी एकतर बॅगेची चेन लावत असेन नाहीतर सगळं कपाटात परत कोंबत असेन, आणि एकदा काहीतरी ठरलं की मग हे असं सांगता येणार नाही.

शुक्रवार संध्याकाळ, राजाजीनगर, माझी वरच्या मजल्यावरची खोली. पलंगावर बॅग. बॅगेत दोन टीशर्ट, टॉर्च, चिक्की, चार केळी, आणि त्यातली दोन बहुतेक आत्ताच चेंगरलीत. मोबाइलवर बाबांना पाठवलेला मेसेज: ‘बाबा, उद्या देवरायनदुर्गला जातेय. गाडी घेऊन. एकटी.’ सहा दहाला पाठवला, सहा बाराला टिका निळ्या झाल्या, आता पावणेसात वाजले. उत्तर नाही. मी दोनदा खाली जाऊन आले, एकदा उगाच नखं कापली, आणि आता टाइप करत बसलेय, कारण हात रिकामे राहिले की मी परत तो मेसेज उघडते.

एवढं काय त्यात, असं वाटेल. म्हणून गेल्या शनिवारचं सांगते.

गाडी बाबांची. नऊ वर्षांची, पांढरी, छोटी, डाव्या दारावर नागपूरच्या आमच्या गल्लीतल्या स्कूटरचा ओरखडा. दोन महिन्यांपूर्वी बाबा ती स्वतः चालवत बंगळूरला घेऊन आले, रजा टाकून तीन आठवडे राहिले आणि मला शिकवली. लायसन्स मी कॉलेजात असतानाच काढलं होतं, पण त्यानंतर स्टिअरिंगला हात लावला नव्हता. जाताना बाबांनी एकच अट घातली. शहरात फिरव, ऑफिसला ने, यशवंतपूरला भाजी आणायला जा, काय वाटेल ते कर. एकटी शहराबाहेर न्यायची नाही. नेलीस तर मी येईन आणि गाडी परत घेऊन जाईन.

आणि बाबा येतात. नुसतं बोलणाऱ्यांतले नाहीत ते.

माझ्यासाठी ती गाडी म्हणजे काय, तर ऑफिसातल्या पुण्या-मुंबईच्या सगळ्या पोरी सर्जापूर रोडला राहतात, ऑफिसपासून दहा मिनिटांवर. मी राहते शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, कारण बाबांना घरमालक मराठी बोलणारे हवे होते. घरमालकीण अक्कांची तिसरी पिढी इथे, काका सरकारी कारखान्यातून इंजिनिअर म्हणून रिटायर झालेले, घरात मराठी बोलतात पण त्यात निम्मं कन्नड. बाबा खूश. मी रोज दोन तास ट्रॅफिकमध्ये. दीड वर्षं मी प्रत्येक शनिवार-रविवार कोणाच्या तरी गाडीत जागा आहे का याच्यावर काढला. ग्रुपवर सोमवारी डोंगराचे फोटो पडायचे, बुधवारी यादी व्हायची, आणि शुक्रवारी एकेक जण ‘सॉरी यार’ म्हणून गळायचा. गाडी आली आणि मला वाटलं, झालं, आता कोणाची वाट बघायची नाही.

फक्त गाडीत बाबा असायचे. म्हणजे फोनवर. मी कुठेही निघाले की फोन डाव्या सीटवर, स्पीकर चालू, आणि नागपुरातून आवाज: “डावा आरसा बघितला? काहून एवढी रेस करून राहिली? इंडिकेटर बंद कर, कधीचा वाजून राहिला.” त्यांना तिथून टिकटिक ऐकू यायची! सिल्क बोर्डच्या चौकात मी रडकुंडीला आले होते तेव्हा त्यांनी पूर्ण बावीस मिनिटं मला फक्त “क्लच, ब्रेक, क्लच, ब्रेक” असं म्हणून पार नेलं होतं.

तर मागच्या गुरुवारी मी बाबांना सांगितलं, आम्ही तिघी जातोय. शनिवारी शिवगंगेचा डोंगर, तुमकूरला मुक्काम, रविवारी देवरायनदुर्गचा. बाबा म्हणाले, तिघी असाल तर जा. शुक्रवारी पाच वाजता एकीचा ऑफिसातला रिलीज लांबला आणि दुसरीचा चुलतभाऊ अचानक आला. म्हणजे गुरुवारी मी खरं बोलले होते. शुक्रवारी मी काही न करता ते खोटं झालं.

मी ते दुरुस्त केलं नाही. एवढंच. बाबांनी रात्री विचारलं, “सगळ्या तयार?” मी म्हटलं, “हो.” एका शब्दाचं तर होतं.

शनिवारी साडेपाचला निघाले. अंधार, कडाक्याची थंडी. डाव्या सीटवर फोन नाही, बॅग. बाबांना सांगितलं होतं की मैत्रीण बाजूला असेल, तेव्हा फोन नको. पहिल्यांदा गाडीत कोणी बोलत नव्हतं. मीच मोठ्याने म्हणायला लागले: डावा आरसा, उजवा आरसा, इंडिकेटर बंद. एका ट्रकला ओव्हरटेक केलं तेव्हा मी एकटीच ओरडले, “केलं!” ट्रकवाल्याला काय त्याचं.

नेलमंगलच्या पुढे धुकं लागलं आणि तिथेच ते सुरू झालं. काहीतरी चालू राहिलंय.

तुम्हाला माहितीये ना ते? पोटात खालून वर येतं. आधी वाटलं गॅस. मग आठवलं, रात्री टीशर्टला इस्त्री केली होती. मग गीझर. मग परत गॅस, कारण पहाटे चहा केला होता आणि दुधाचं भांडं उतरवलेलं आठवत होतं पण बटण फिरवलेलं आठवत नव्हतं. गाडी चालवत मी स्वयंपाकघर डोळ्यासमोर आणत होते, आणि प्रत्येक वेळी बटण वेगळ्याच बाजूला.

पायथ्याशी सातला पोचले. एव्हाना उजाडलं होतं, धुकंही विरत होतं. गाडी एका चिंचेखाली लावली, लॉक दोनदा ओढून बघितलं, कानात हेडफोन घातले आणि पळत सुटले. म्हणजे खरंच पळत. काकडी विकणारी एक बाई मागून हात हलवत काहीतरी म्हणत होती. मला वाटलं काकडी घे म्हणतेय. मी हातानेच सांगितलं, नंतर, नंतर.

शिवगंगा म्हणजे खडकाचा डोंगर. आधी साध्या पायऱ्या, मग खडकातच खोदलेल्या, आणि वर वर तर पाऊल मावेल एवढ्याच खाचा नि बाजूला लोखंडी कठडा. लोक देवदर्शनाला जातात, आज्ज्या अनवाणी चढतात, माकडं पिशव्या पळवतात. मला मात्र काही दिसत नव्हतं, डोक्यात गॅस. निम्म्यावर एका माकडाने माझं केळं नेलं तरी मी त्याच्याकडे बघितलं नाही. शेवटी एका खडकाला टेकून अक्कांना फोन लावला. वरच्या घराची एक किल्ली त्यांच्याकडे असते.

“अक्का, वर जाऊन जरा गॅस बघाल का? प्लीज, आत्ता लगेच.”

“अय्यो, बघते की मरी. स्वल्प थांब, किल्ली हुडकते.” त्या मला मरी म्हणतात. कन्नडमध्ये पिल्लाला मरी म्हणतात. मग पायऱ्यांचा आवाज, धापा, कुलूप. “गॅस बंद. सिलिंडर पण बंद. गीझर बंद. इस्त्री एकदम थंड. नळ बंद. आणि तुझ्या फ्रिजमध्ये डोशाचं पीठ आहे, ते केव्हाचं? वास येतोय. फेकू?”

“फेका अक्का, काहीही करा. थँक्यू, थँक्यू.”

“सरी, बरं. आणि बाकीच्या दोघी बऱ्या चढतायत ना?”

आणि माझं डोकं अजून गॅसमध्येच होतं म्हणून तोंडातून गेलं, “कुठल्या दोघी? त्या आल्याच नाहीत.”

पलीकडे फ्रिजचं दार धाडकन लागलं.

“एकटी आहेस?”

“अक्का, बाबांना सांगू नका हं.”

“सरी, सरी,” अक्का म्हणाल्या आणि फोन ठेवला.

आता मला हलकं वाटायला हवं होतं की नाही? सगळं बंद होतं. तरी ते पोटातलं तसंच. वर पोचेपर्यंत तसंच. माथ्यावर एका सुट्या खडकावर दगडाचा नंदी आहे, त्याच्याभोवती लोक अगदी चिकटून, कठड्याला धरून प्रदक्षिणा घालतात. मीही घातली. खाली सगळीकडे तळी, नारळाच्या बागा, दूर हायवेवर मुंग्यांसारखे ट्रक. मी हे एकटीने केलं, असं मनात म्हणून बघितलं. मजा आली. साधारण चार मिनिटं. मग उठले, बसले, पाणी प्यायले, फोटो काढला, तो बाबांना पाठवता येणार नाही हे लक्षात आलं, परत उठले. लोक तिथे डबे उघडून तासभर बसतात. मी वीस मिनिटांत उतरायला लागले.

अकराच्या सुमाराला खाली आले. दार उघडलं, किल्ली फिरवली.

टक.

परत फिरवली. ट… क. तेही अर्धंच.

आणि तेव्हा बघितलं. लाइटचं बटण. पुढे फिरवलेलं. अंधारात लावलेले, धुक्यात तसेच ठेवलेले हेडलाइट, उजाडल्यावर दिसले नाहीत, चार तास चिंचेखाली नुसते जळत होते. इतर गाड्यांत लाइट चालू ठेवून दार उघडलं की टीं-टीं वाजतं. आमच्या गाडीतला तो बझर दोन वर्षांपूर्वी बंद पडला आणि बाबा म्हणाले होते, “कशाला पाहिजे, देवाने डोळे दिले आहेत ना.”

काकडीवाली बाई जवळ आली. तिने एका हाताने माझ्या कानाकडे बोट दाखवलं, मग गाडीच्या दिव्यांकडे, मग डोंगराकडे, आणि एक दीर्घ उसासा सोडला. दीड वर्षात माझे कन्नडचे अकरा शब्द झालेत, पण हे सगळं समजलं. ती मला काकडी नव्हती विकत. तिने न विचारता एक काकडी चिरली, तिखट-मीठ लावलं आणि हातात दिली.

तेवढ्यात चार सायकलवाले काका आले. घट्ट चकाकते कपडे, हेल्मेट, सगळे पन्नाशीचे. “बॅटरी? पुश-स्टार्ट!” चौघे मागे लागले. एक म्हणतो फर्स्ट गिअर, दुसरा म्हणतो थर्ड, तिसरा म्हणतो किल्ली बंद ठेवा, चौथा हसतोय: “डॉक्टरने बोला था साइकिल चलाओ, घुटनों पर ज़ोर मत दो. ये देखो!” मी फर्स्ट टाकला, क्लच सोडला, गाडी गचकन थांबली आणि दोघे काका डिकीवर आदळले. परत ढकललं. परत तेच. “बेटा, तुम सीट पर बैठकर क्लच को मार रही हो क्या?”

काकडीवालीचा नवरा आला. त्याने मोडक्या हिंदीत सांगितलं, पुढच्या गावचा मेकॅनिक दोन वाजता येईल, आरामात बसा.

तर म्हणजे सगळं सोपं होतं. दोनला मेकॅनिक. तोपर्यंत सावलीत बसायचं. बाबांचा एक वाजता फोन आला तर ‘जेवतोय सगळ्या’ म्हणायचं. गाडी चालू होईल, मी तुमकूरला जाईन, रविवारी दुसरा डोंगर, कोणाला काही कळणार नाही.

मी बसले. उठले. गाडीभोवती एक फेरी मारली. लाइट सापडले होते ना आता? काय चालू राहिलंय ते कळलं होतं. तरी ते पोटातलं जाईना! मला इतका राग आला स्वतःचा. काका लोक काकडी खात होते. मी फोन काढला आणि लावला.

पहिली रिंग पूर्णसुद्धा झाली नाही.

“बोल.”

“बाबा, एक सांगायचंय. रागवू नका. म्हणजे रागवा, पण आधी ऐका.”

“लाइट चालू राहिले का?”

काकडीचा घास तोंडात तसाच.

“तुम्हाला कसं…”

“वहिनींचा, तुझ्या अक्कांचा, फोन आला होता साडेआठला. म्हणाल्या, पोरगी डोंगरावर एकटी आहे आणि गॅस चालू राहिला म्हणून घाबरून राहिली. गॅस तर बंद आहे म्हणाल्या. मी विचार केला, साडेपाचला निघाली, धुकं असणार, उजेडात पोचली. गॅस नाही, गाडीचे लाइट.”

“मग तुम्ही फोन का नाही केला?” मी एकदम ओरडलेच. “साडेआठला कळलं होतं तर बॅटरी वाचली असती ना!”

मागे आमच्या स्वयंपाकघरातला मिक्सर ऐकू येत होता, मग तो बंद झाला. आई पण ऐकत असणार.

“केला असता तर तू वर गेली असती का?”

मी वर डोंगराकडे बघितलं.

“बॅटरीचं काय,” बाबा म्हणाले, “ढकलून चालू होते. पोचली होती ना वर?”

“हो.”

“नंदीपर्यंत?”

“हो बाबा.”

“बरं. आता उतार आहे का तिथे?”

होता. चिंचेपासून बसस्टँडपर्यंत. मी फोन डाव्या सीटवर टाकला, स्पीकर चालू केला. बाबा म्हणाले, “किल्ली ऑन. सेकंड टाक. फर्स्ट नाही, सेकंड. क्लच पूर्ण दाबून ठेव. त्या लोकांना म्हणाव ढकला, आणि मी सांगेपर्यंत क्लच सोडायचा नाही.” मी खिडकीतून ओरडले, “तळ्ळी! स्वल्प जोरात तळ्ळी!” माझ्या अकरा शब्दांतला तो ‘ढकला’ एक, बंगळूरच्या ट्रॅफिकने शिकवलेला. काकडीवाली, तिचा नवरा, चार काका, आणि वरून उतरणारी एक अनवाणी आज्जीसुद्धा डिकीला हात लावून. चाकांचा आवाज बाबांना तिकडे ऐकू येत असणार, कारण बरोब्बर वेग आल्यावर ते म्हणाले, “सोड!”

गाडीने एक गचका खाल्ला, खोकली, आणि चालू झाली. मागे सगळे ओरडले. मी ब्रेक लावून थांबले तर फोनमधून बाबा, “रेस देत राहा, बंद पडू देऊ नको,” आणि खिडकीतून एक काका, “वो सर कौन हैं? उनको हमारा नमस्ते बोलो!”

मग नेलमंगलपर्यंत फोन चालू, पलीकडे बाबा. इंजिनाचा आवाज ऐकत बसले होते. टोलच्या अलीकडे म्हणाले, “तुमकूर राहू दे. घरी ये. लाइट विसरलीस त्याचं मला काही नाही. मीही विसरलो आहे, दोनदा. तू ‘हो’ म्हणालीस शुक्रवारी, त्याचं आहे.”

मी म्हटलं, “गाडी घेऊन जाणार का?”

“ठरवलं नाही,” बाबा म्हणाले. “एकटी जायचं असेल तर एकटी म्हण. मग मी नाही म्हणीन की हो म्हणीन ते माझं मी बघीन. पण मला तीन जणी सांगायच्या नाहीत.”

घरी अक्का दारातच उभ्या. मी काही बोलायच्या आत, “तू म्हणालीस सांगू नका, म्हणून तर सांगायला लागलं ना मरी. चल, ऊट कर, जेवून घे. बिसी बेळे भात केलाय.” रागवायचं ठरवलं होतं. दोन वाट्या खाल्ल्या.

त्यानंतर आठवडाभर बाबांचं बोलणं म्हणजे बॅटरीत पाणी टाकलं का, टर्मिनल साफ केलं का. ‘ठरवलं नाही’चं पुढे काही नाही. आणि मी रोज ऑफिसात खिडकीतून त्या बाजूला बघते जिकडे डोंगर दिसतसुद्धा नाहीत. देवरायनदुर्ग तसाच राहिलाय. म्हणून आज तो मेसेज.

थांबा. आला. आत्ता, हे टाइप करताना आला!

‘बझर दुरुस्त केलास का?’

बास, एवढंच. ‘हो’ नाही, ‘नाही’ही नाही.

केलाय! बुधवारी केलाय, ऑफिसच्या मागच्या गॅरेजात. मी धावत खाली गेले, पायात चप्पल पण नाही, गाडीचे लाइट लावले, दार उघडलं आणि ते टीं-टीं-टीं रेकॉर्ड करून पाठवलं. अक्का खिडकीतून, “काय झालं गं, चोर का?” मी म्हटलं, “नाही अक्का, बाबा!” टिका निळ्या झाल्या. ते ऐकतायत. पंधरा सेकंदांचं आहे, त्यांनी बहुतेक दोनदा ऐकलं.

‘ठीक. हवा पण बघ. पोचलीस की कळव.’

आता मला सांगा. साडेपाचचा गजर लावलाय, हवा उद्या पंपावर बघते, गॅस मी आत्ता स्वतः हात लावून बघितला, इस्त्री केलीच नाही. सगळं बंद आहे, बाबांना सगळं माहीत आहे, तरी पाय हलायचे थांबत नाहीयेत. तुम्हालाही असं झालंय का कधी? निघायच्या आधी? आणि कोणाला सांगितल्यावर ते गेलं?